उकिरड्याचा पांग



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘घरगुती खत’ असे सांगितले, आणि त्यांना थोडे हसू आले. कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाने पगार, बोनस, संप यांविषयी बोलावे, कुंडीतल्या जास्वंदीविषयी कशाला, असे त्यांना वाटले असावे. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु खताचा इतिहास वाचू लागलो तेव्हा मला त्यात पानोपानी कामगारच भेटला. खत कशाचे होते हे पुस्तकांत लिहिलेले असते. ते कोणाच्या हातांनी होते हे शोधावे लागते. आज त्या हातांचा इतिहास मी आपणापुढे मांडणार आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीला थांबले. पुढचे वाचन सार्वजनिक वाचनालयांत आणि एस. टी.च्या प्रवासात झाले. तेव्हा पंडिताचे भाषण ऐकायला मिळेल अशी अपेक्षा कृपा करून ठेवू नका.

आपल्या मिरजगावात माझे बालपण गेले. नगर-सोलापूर रस्त्यावरचे हे बाजाराचे गाव, भोवतीची जमीन बरीचशी उथळ आणि मुरमाड, आणि पाऊस आला तर आला. आमच्या परसात एक गाय, दोन शेळ्या आणि एक उकिरडा होता. चुलीतली राख, गोठ्यातला केर, भाजीची देठे, खरकटे, सगळे त्यावर जाई. दिवाळीला आई एक पणती त्या उकिरड्यावर नेऊन ठेवी. मला तेव्हा नवल वाटे. देव्हाऱ्यात दिवा, तुळशीपुढे दिवा, आणि घाणीवरही दिवा! आई म्हणे, “अरे, लक्ष्मी तिथूनच येते.” बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. तो फिटायला खरोखर बारा वर्षे लागत नाहीत, नीट निगा ठेवली तर तीन महिने पुरतात, हे मला फार उशिरा कळले. परंतु उकिरड्याचा पांग फिटला तरी उकिरडा उपसणाऱ्याचा फिटतो का, हा प्रश्न निराळा. आणि माझ्या व्याख्यानाचा खरा विषय तोच आहे.

बागेतल्या झाडांसाठी घरी खत करण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेद नावाचा एक अध्यायच आहे. शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या, तीळ, सातूचे पीठ आणि मांस पाण्यात घालून सात रात्री कुजवावे आणि ते पाणी झाडाच्या मुळाशी घालावे, म्हणजे फळेफुले भरपूर येतात, असे त्यात सांगितले आहे. आजचे ‘जीवामृत’ त्याच जातीचे. अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांनी प्रचारात आणलेल्या या कृतीत दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचे पीठ आणि मूठभर माती घालून दोन दिवस मुरवतात. तिळाच्या जागी गूळ आला, सात रात्रींच्या जागी दोन दिवस आले. मूळ कल्पना तीच. शेणातल्या व मातीतल्या सूक्ष्म जीवांना खाऊ घालायचे, आणि त्यांच्याकरवी झाडाला.

राजाच्या उपवनासाठी ग्रंथ होते. शेतकऱ्याजवळ ग्रंथ नव्हता, पण धनगर होता. पिके निघाल्यावर धनगराचा कळप शेतात बसवायचा. मेंढरांच्या लेंड्या आणि मूत रात्रभर जमिनीत मुरते, ना वाहतूक ना खड्डा. त्याबद्दल धनगराला धान्य द्यायचे. आपल्या भागात ही रीत कोणाला सांगायला नको. तिच्यात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आपल्या भाषेत ‘खत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक जमिनीत घालायचे, दुसरे कागदावर लिहायचे: खरेदीखत, गहाणखत. शेतकरी आणि धनगर यांच्यामधला व्यवहार म्हणजे पहिल्या खतासाठी केलेले दुसरे, तोंडी खत होते. इतक्या रात्री मेंढरे बसतील, इतक्या पायल्या धान्य मिळेल. खत देणाऱ्याला मोबदला ठरवून मिळे आणि तो मान ताठ ठेवून घेई. खताच्या इतिहासात असे सर्वत्र घडले नाही, म्हणून हे लक्षात ठेवा.

एकोणिसाव्या शतकात या व्यवस्थेला तडे जाऊ लागले. त्याची नोंद पहिल्यांदा कोणी सरकारी तज्ज्ञाने केली असे आपल्याला वाटते. पण जोतीराव फुले आधीच ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून बसले होते. १८८३ साली पूर्ण झालेल्या या ग्रंथात त्यांनी डोंगरातला पालापाचोळा, किडेमुंग्या, मेलेली जनावरे यांचे कुजलेले सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर शेतात कसे उतरत असे ते सांगितले. जंगलखात्याने राने बंद केली, गुरे घटली, खत घटले, आणि जमीन नापीक होत चालली, अशी ती साखळी आहे. ताली-बंधारे घालून ते वाहून जाणारे सत्त्व शेतातच अडवावे, आणि सरकारने या कामाला पलटणीतल्या व पोलिसांतल्या फालतू माणसांना लावावे, असा उपायही त्यांनी सुचविला. आमच्या कामगार चळवळीला या ग्रंथाची एक बोचरी आठवण आहे. आम्ही ज्यांना भारतातल्या कामगार चळवळीचे आद्य प्रवर्तक मानतो, त्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधु’ पत्रात या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे छापली गेली आणि पुढची छापण्याचे थांबले. जोतीरावांना त्याचा राग आला. आपल्या माणसांचाही हात कधीकधी कचरतो. ही गोष्ट लपवू नये.

नंतर सरकारने जॉन ऑगस्टस व्होएल्कर नावाचे कृषिरसायनज्ञ इंग्लंडहून बोलावले. ते १८८९ ते १८९१ या काळात हिंदुस्थानभर हिंडले. त्यांचा अहवाल १८९३ साली निघाला. हिंदी शेतकरी अडाणी आहे हे सांगायला ते आले असावेत असा पुष्कळांचा समज होता. त्यांनी उलटेच लिहिले. शेतकऱ्याला शेणाचे मोल कळते. तो गोवऱ्या थापतो त्या जळणाला लाकूड मिळत नाही म्हणून. लाकूड द्या, शेण आपोआप शेतात जाईल, हा त्यांचा निष्कर्ष. त्याच काळात या देशातली हाडे आणि तेलबिया बोटी भरभरून परदेशी जात होत्या. हाडे म्हणजे स्फुरद. इथल्या जमिनीचे सत्त्व तिकडच्या शेताला जात होते. कार्ल मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’ ग्रंथात म्हटले होते की भांडवली शेतीची प्रगती ही मजुराला आणि मातीला दोघांनाही लुबाडण्याच्या कलेतली प्रगती आहे. ते विलायतेकडे पाहून लिहिले होते; पण मुंबई बंदरातही ते खोटे ठरले नसते.

आता मी जरा अवघड भागाकडे येतो. त्याचे नाव सोनखत.

शहरे वाढली, तशी नगरपालिका आल्या आणि मैला वाहून नेण्याची व्यवस्था आली. तो मैला शहराबाहेर उथळ खड्ड्यांत राख व केरकचरा मिसळून वाळवायचा, आणि त्याची पूड शेतकऱ्यांना विकायची, अशी पद्धत मुंबई इलाख्यात रूढ झाली. पुण्याच्या सोनखतावर आसपासचा ऊस पोसला. सुरुवातीला शेतकरी नाक मुरडीत. ऊस पाहिल्यावर मुरडलेली नाके सरळ झाली. ‘सोनखत’ हे नाव पाहा. वस्तूला सोने म्हटले. ती विकत घेणारा बागाईतदार प्रतिष्ठित, विकणारी नगरपालिका प्रतिष्ठित, त्या उसाचा गूळ खाणारे आपण सर्व प्रतिष्ठित. फक्त जो हे सोने घरोघरच्या पाटीतून डोक्यावर वाहून आणी, तोच तेवढा अस्पृश्य. जगात सोन्याच्या खाणी पुष्कळ आहेत आणि खाणकामगार सगळीकडे दरिद्री आहेत. पण सोन्याला हात लावला म्हणून माणूस बाटला, असे फक्त इथेच झाले.

ही गोष्ट काही माणसांना टोचली. कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. मला भंगीकाम द्या, अशी त्यांनी मागणी केली. तुरुंगाच्या नियमांत ते काम जातीने ठरलेले; ब्राह्मणाला ते देता येईना. अप्पासाहेबांनी अन्न कमी केले, येरवड्याहून गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभला, आणि सरकारला वाकावे लागले. माणसाला झाडू हातात घेण्यासाठी उपास करावा लागला! पुढे १९४८ साली कणकवलीला त्यांनी गोपुरी आश्रम काढला. तेथे मैल्याचे खत होईल, पण कोणाला तो हाताने उचलावा लागणार नाही, अशा संडासांचे प्रयोग केले. नुसती दया दाखवून ते थांबले नाहीत. काम करण्याची तऱ्हाच बदलली पाहिजे हे त्यांनी ओळखले. आम्ही युनियनवाले हीच गोष्ट वाटाघाटीत सांगत असतो.

मुंबई सरकारने १९४९ साली नेमलेल्या बर्वे समितीने सफाई कामगारांच्या राहणीची पाहणी करून १९५२ साली अहवाल दिला. १९५७ साली केंद्राने मलकानी समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहणे बंद करा, असे या समित्यांनी सांगितले. तसा कायदा होण्यास १९९३ साल उजाडले, आणि तो पुरेसा नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. अहवाल आणि कायदा यांमध्ये चाळीस वर्षे. कागदावरचे खत कुजायला मातीतल्या खतापेक्षा फार वेळ लागतो.

आता एक आनंदाचे प्रकरण सांगतो, आणि त्याचा धागा आपल्या शेजारच्या गावाशी जुळतो. जामखेड तालुक्यातल्या चौंडीची अहिल्या होळकरांच्या घरी सून म्हणून गेली आणि पुण्यश्लोक झाली. आज आपल्या जिल्ह्याला तिचे नाव आहे. त्याच होळकरांच्या इंदूर दरबारने १९२४ साली सुरू झालेल्या एका संशोधनसंस्थेला जमीन दिली. तेथे अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी खताची जी रीत बसविली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. १९३१ साली दोघांच्या नावाने तिचे पुस्तक निघाले. हॉवर्डसाहेबांचे नाव सर्वांना ठाऊक. वाड यांचे नाव त्या पुस्तकाच्या पानावर असूनही फार थोड्यांच्या तोंडी आहे. म्हणून मी ते मुद्दाम घेतो.

पद्धत अशी. सुमारे तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल खड्डा. त्यात काडीकचरा व पालापाचोळ्याचा थर, त्यावर शेण आणि गोठ्यातले मुरलेले बिछायत, त्यावर मूत शोषलेली माती आणि राख, मग पाणी. असे थरावर थर. हवा खेळावी म्हणून मधून उभी भोके. पहिल्या काही दिवसांत ढीग इतका तापतो की हात घालवत नाही. त्या उष्णतेत तणाचे बी आणि रोगजंतू मरतात. सुमारे पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी ढीग वरखाली करायचा. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार. गुपित एवढेच की सुक्याचा आणि ओल्याचा मेळ बसला पाहिजे. पालापाचोळा म्हणजे कर्ब. शेण, मूत, हिरवा पाला म्हणजे नत्र. साधारण तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असला की जंतूंचे जेवण जमते. पुढे वाड यांनी जॅक्सन यांच्याबरोबर हीच रीत शहरातल्या कचऱ्याला आणि मैल्याला लावून पाहिली.

हॉवर्ड यांच्या लिखाणात मला आणखी एक गोष्ट सापडली. शेतीच्या प्रयोगांबरोबर त्यांनी मजुरांविषयीही लिहिले आहे: कामाचे तास माफक हवेत, पगार वेळेवर हवा, राहायला नीट घर हवे, नाहीतर चांगले काम होत नाही. त्यांच्या दुसऱ्या पत्नी लुईज या जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयात शेतमजुरांच्या प्रश्नांवर काम केलेल्या होत्या. तेव्हा खत आणि कामगार हा सांधा मी ओढूनताणून जुळवला, असे कोणी म्हणू नये.

पुढचा भाग मी लवकर आटोपतो. १९३९च्या सुमारास बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत सी. एन. आचार्य यांनी ढीग न हलवता, चिखलाने लिंपून शहरी कचरा कुजविण्याची रीत काढली. युद्धकाळात ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम आली आणि नगरपालिकांनी कंपोस्टचे खड्डे खणले. १९४७ सालच्या डिसेंबरात मीराबेन यांच्या पुढाकाराने दिल्लीत अखिल भारतीय कंपोस्ट परिषद भरली. १९५१ साली सिंद्रीचा कारखाना सुरू झाला आणि पांढऱ्या खताच्या गोण्या गावोगाव आल्या. त्या गोण्यांना शिव्या देणाऱ्यांतला मी नाही. हिशेब करून पाहा. शेणखतात नत्र शेकडा अर्धा भाग. युरियात शेकडा शेहेचाळीस. पंचेचाळीस किलोच्या एका गोणीत जेवढे नत्र, तेवढ्यासाठी चार टनांवर शेणखत लागते. वाढत्या लोकसंख्येचे पोट भरण्यात त्या गोणीचा वाटा मोठा आहे आणि तो नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण गोणी झाडाला खाऊ घालते, मातीला नाही. आपल्याकडच्या उन्हात मातीतला कुजलेला अंश लवकर जळून जातो, आणि तो परत दिला नाही तर मुरमाड जमीन पाणी धरीत नाही. शेतात दोन्हींचा मेळ हवा. कुंडीत मात्र घरचे खत पुष्कळ झाले.

हे शहरातही जमते, याचे एक उदाहरण कामगारांच्याच घरातले आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात सुमारे तीन हजार कामगारांचे जेवण होई. तेथल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२च्या सुमारास स्वयंपाकघरातला भाजीपाल्याचा कचरा गच्चीवर मुरवायला सुरुवात केली आणि सुमारे तीन हजार चौरस फुटांच्या त्या गच्चीवर फळझाडे व भाज्या उभ्या राहिल्या. त्यामागे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचा विचार होता. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने द्राक्षबागाईतदारांना स्वतः प्रयोग करून एकमेकांना शिकविण्याची सवय लावली. विद्या वाटल्याने वाढते, हे त्यांनी नुसते सांगितले नाही, तसे वागून दाखविले.

इथपर्यंत दुसऱ्यांच्या गोष्टी झाल्या. आता माझी एक सांगतो; ती माझ्या भूषणाची नाही.

काही वर्षांपूर्वी एका गावी आम्ही सफाई कामगारांसाठी हातमोजे मागत होतो. अर्ज झाले, बैठका झाल्या. मी जोरात भाषण केले की लोक ओल्या कचऱ्यात काचा आणि पाती टाकतात, त्याने आमच्या भगिनींचे हात कापतात. भाषण चांगले झाले, टाळ्याही पडल्या. पुढच्याच आठवड्यात मी राहतो त्या गल्लीतली एक कामगार बाई हाताला चिंधी बांधून कामावर दिसली. मी विचारले, “काय झालं, मावशी?” ती आधी काही बोलेना. मग हळूच म्हणाली, “जाऊ द्या दादा. पिशवीत दाढीचं पातं होतं.” कोणाच्या पिशवीत, असे मी तावातावाने विचारले. तिने माझ्या दाराकडे पाहिले आणि मान खाली घातली.

श्रोतेहो, त्या घरात दाढी करणारा मी एकटाच होतो.

तिचा हात बरा व्हायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस तिची मजुरी बुडू नये म्हणून मी जे करायचे ते केले, पण त्याने पाते परत येत नाही. मोजे मागणे बरोबर होते, आजही मागतो. परंतु मागणी वरच्यांकडे आणि केर खालच्यांकडे, असा माझा व्यवहार चालला होता. त्या दिवसापासून माझ्या घरातला ओला कचरा घराबाहेर गेलेला नाही. २०१६च्या नियमांनी ओला-सुका वेगळा करणे बंधनकारक केले होते. मला ते नियमाने शिकविले नाही, एका कापलेल्या बोटाने शिकविले.

रीत साधी आहे. वीस लिटरची जुनी बादली किंवा माठ घ्या, तळाला आणि बाजूंना भोके पाडा, खाली वीट ठेवा. तळाशी वाळलेला पाला किंवा नारळाच्या शेंड्या. रोजची भाजीची देठे, साली, चहाचा चोथा बारीक करून टाका आणि त्यावर तेवढाच, किंबहुना थोडा जास्त, वाळका पाला पसरा. आठवड्यातून एकदा पातळ केलेले आंबट ताक किंवा शेणाचे पाणी शिंपडा आणि काठीने वरखाली करा. ओल किती हवी? मुठीत दाबले तर पिळून काढलेल्या फडक्यासारखे लागावे. थेंब गळू नये. वास आला तर समजा हवा कमी किंवा ओल जास्त झाली: पाला घाला, हलवा. सुकून गेले तर पाणी शिंपडा. तेलकट, खारट आणि मांसाचे पदार्थ सुरुवातीला टाळा. बादली भरली की झाकून ठेवा आणि दुसरी लावा. दोन-तीन महिन्यांनी पहिली उघडा. मातीचा वास आला की चाळून घ्या. महिन्यातून एकदा कुंडीला दोन मुठी पुरतात. माझ्या घरच्या वजनकाट्यावर तीन महिन्यांच्या साठ-पासष्ट किलो ओल्या कचऱ्याचे पंधरा किलोंच्या आसपास खत होते. उरलेले वाफ आणि हवा होऊन जाते, घंटागाडीत जात नाही. म्हणजे तेवढे ओझे कोणाच्या तरी खांद्यावरून उतरले.

घरच्या बादलीने देश बदलेल असे मी म्हणत नाही. सफाई कामगाराला कायम नोकरी, पुरता पगार, मोजे आणि गमबूट यांची गरज बादलीने भागत नाही. त्यासाठी संघटनाच लागते. पण बादलीमुळे एक गोष्ट होते. स्वतःचा केर स्वतः हाताळणारा माणूस दुसऱ्याच्या हाताला कमी लेखत नाही. वराहमिहिराने कृती दिली, जोतीरावांनी कारण दिले, हॉवर्ड आणि वाड यांनी शास्त्र दिले, अप्पासाहेबांनी लाज घालविली. आपण निदान आपल्या दारातली पिशवी तेवढी हलकी करू या.

गेल्या दिवाळीला मी गच्चीवरच्या बादलीवर एक पणती ठेवली. ती मावशी गल्लीतून जात होती. वर पाहून म्हणाली, “दादा, तिथं कशाला दिवा?” मी तिला आईचे उत्तर दिले. ती हसली आणि पुढच्या दाराकडे वळली. पुढच्या दारात पिशवी होतीच.